मध्येच थांबणारं गाणं

चैत्र लागला की आमच्या करावे गावात वाऱ्याला दोन वास येतात. एक खाडीकडचा, चिखलाचा आणि वाळत घातलेल्या जवल्याचा. दुसरा देवळाच्या मैदानातला, मांडवाच्या कापडाचा. वर्षभर घडी घालून ठेवलेलं ते कापड उन्हात उलगडलं की त्यातून जो कोंदट, जुनाट वास सुटतो, तो मला कुठल्याही अत्तरापेक्षा प्यारा आहे. बायको म्हणते, नाकाचा डॉक्टर गाठा. गाठू की. पण आधी गावदेवीची जत्रा तर होऊ दे!

यंदाही मांडवाचे बांबू पडले आणि मी रोज संध्याकाळी कामावरून येताना स्कूटर मुद्दाम मैदानावरून काढू लागलो. पलीकडे सीवूड्सचे टॉवर उभे आहेत, खाडीत फ्लेमिंगो उतरलेत, त्यांचे फोटो काढायला लांबलांबून लोक आलेत. आणि अलीकडे आमची पोरं ‘ए, वर घे, अजून वर’ करत कमान बांधतायत. ती ठाकठूक कानावर पडली की मला अजून परीक्षा आणि गिटार, दोन्ही एकदम आठवतात. कारण आमची एस. वाय.ची परीक्षा ह्याच दिवसांत चालू होती, आणि ह्याच दिवसांत आमच्या आयुष्यात रॉक घुसलं.

घुसलं ते हेम्याच्या मामामुळे. हेम्या म्हणजे हेमंत, माझा शेजारी, वर्गमित्र, आणि तेव्हा माझ्याइतकाच काडीपैलवान. त्याचा मामा जहाजावर होता. सुट्टीवर येताना कुणाकडून तरी एक कॅसेट भरून घेऊन आला. वर बॉलपेनने नुसतं लिहिलेलं, ‘फास्ट गाणी’. कोण गातंय, गाण्याचं नाव काय, काही पत्ता नाही. हेम्याच्या वडिलांची जाळ्यांची खोली होती, तिथे आम्ही अकाउंट्सची पुस्तकं घेऊन बसायचो. भिंतींवर नायलॉनची जाळी टांगलेली, डिझेलचा वास, आणि कोपऱ्यात टेप. हेम्याने बटण दाबलं आणि मला वाटलं, टेप बिघडला. शिरवण्याच्या वर्कशॉपमध्ये लोखंड कापताना येतो तसला आवाज. पण च्यायला, तो आवाज गात होता! चढत होता, वळत होता, रडत होता. मी हेम्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं. अकाउंट्सचं पुस्तक मिटलं ते मिटलंच. त्या वर्षी पास कसे झालो ते गावदेवीलाच ठाऊक.

त्या कॅसेटच्या पहिल्या बाजूला शेवटी एक गाणं होतं. हळू सुरू व्हायचं. मग ड्रम यायचे, मग गिटार. गिटार एकेक पायरी चढत जायची, आणि आता ही कुठल्या कुठे जाणार असं वाटत असतानाच, एकदम बंद! खट. पुढे काही नाही. टेपचं बटण वर यायचं आणि खोलीत नुसती शांतता. आम्ही वेडे व्हायचे बाकी होतो. काय हिंमत आहे यार! गाणं असं टोकावर नेऊन सोडून द्यायचं? आपल्याकडे कुणाची छाती होईल का? हेम्या तर म्हणायचा, ‘दिन्या, ह्याला म्हणतात क्लासिक.’ क्लासिक हा शब्द आम्ही तेव्हा नवीनच शिकलो होतो.

मग गिटार आली, वाशीहून सेकंड हँड. हेम्याने बेंजो पार्टीवाल्या काकांकडून ड्रम मिळवले. आणि ठरलं की जत्रेच्या स्टेजवर हे गाणं वाजवायचं. आता आमच्या गावची एक रीत आहे. बाहेरचा ऑर्केस्ट्रा आला तर कुणी काही विचारत नाही. पण गावचं पोर स्टेजवर चढणार असेल तर कमिटीचा माणूस आधी माईकवरून विचारतो, ‘पाठीला कोन?’ म्हणजे ह्या पोराच्या मागे उभं कोण राहणार. घरचं किंवा आळीतलं कुणीतरी मोठं माणूस वर येतं आणि सगळ्यांसमोर सांगतं, ‘चुकला तर मना बोला.’ आणि कार्यक्रम संपेपर्यंत ते माणूस स्टेजच्या कडेला उभं राहतं. शिट्ट्या, टोमणे, ‘बस कर आता’, जे काय असेल ते त्याने झेलायचं. पोराला कुणी काही बोलायचं नाही.

आमच्या पाठीला माझी वेणूआत्या उभी राहिली. नेरूळच्या बाजारात मासे विकणारी बाई, आवाज असा की गिऱ्हाईक पुढच्या गल्लीतून परत यायचं. कमरेवर हात ठेवून ती उभी आणि आम्ही वाजवतोय. लोकांना काही कळत नव्हतं, पण ऐकत होते बिचारे. गिटार चढत गेली, चढत गेली, आणि आम्ही शिकल्याप्रमाणे दोघेही एकदम थांबलो. खट.

मग मागून कुणीतरी ओरडलं, ‘लाईट गेली!’ झालं. पळापळ. वायरमन खांबाकडे धावला, दोघे जनरेटरकडे, कुणी म्हणतं फ्यूज उडाला, कुणी म्हणतं शॉर्ट झालाय, लांब उभे राहा. डोक्यावर सगळ्या माळा लख्ख पेटलेल्या आहेत ह्याकडे कुणाचं लक्ष नाही. शेवटी आत्यानेच माईक ओढून घेतला. ‘अरं लाईट हाय! गाना गेलाय!’ सगळं मैदान हसून लोळलं. आम्हाला वाटलं धरणी पोटात घेईल तर बरं. पण खरं सांगतो, त्या हसण्यातसुद्धा मी मनात म्हणत होतो, तुम्हाला काय कळणार क्लासिक काय ते.

आणि पुढे कित्येक वर्षं मी हेच म्हणत राहिलो. नोकरी लागली, लग्न झालं, तन्वी झाली. गिटार माळ्यावर गेली, पण तोंड कुठे बंद होतंय. नवीन रॉकमध्ये दम नाही, हे माझं ठरलेलं वाक्य. गाणारा चुकला तर कॉम्प्युटर सरळ करतो. सोलो नाही. चहा उकळेपर्यंत गाणं संपलेलं. आणि मुख्य म्हणजे, ह्यांना थांबता येत नाही! शेवटची ओळ धरून गोल गोल फिरत बसतात. आमच्या त्या गाण्यासारखं टोकावर सोडून दाखवा म्हणावं. रविवारी पोहे खाताना, गाडीत, पाहुण्यांसमोर, मी हे प्रवचन इतक्या वेळा दिलंय की बायको माझ्याआधी पुढचं वाक्य म्हणते.

तन्वी लहान होती तोवर ऐकून घ्यायची. मोठी झाली तशी वाद घालू लागली. ‘पप्पा, तुमच्या टायमाला पण कचरा होता ना? तो तुम्ही विसरलात. गाळून गाळून पाच गाणी ठेवलीत, आणि ती घेऊन आमच्या सगळ्या ढिगाशी भांडताय. हे चीटिंग आहे.’ मी म्हणायचो, ‘बरं, मग तुझ्या ढिगातून पाच काढून दाखव.’ ती म्हणायची, ‘थांबा की, अजून गाळणं चालू आहे.’ पोरगी बोलण्यात वेणूआत्यावर गेलीये, हे एव्हाना लक्षात आलंच असेल.

मग मागच्या दिवाळीत हेम्याने जाळ्यांची खोली पाडायला घेतली. तिथे आता बिल्डिंग होतेय. हेम्या स्वतःच बिल्डर झालाय, दोघेही आता चांगलेच गरगरीत झालोय. सामान काढताना त्याला ती कॅसेट सापडली. आम्ही कुठूनसा चालू टेप पैदा केला आणि माझ्या हॉलमध्ये बसून लावली. फीत अडखळत होती, खरखर होती, पण ते गाणं आलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, लपवत नाही. तन्वीने गुपचूप मोबाईल टेपजवळ धरला. आजकाल मोबाईल ऐकून सांगतो ना, कुठलं गाणं ते. त्याने सांगितलं. इतकी वर्षं आम्हाला न सापडलेलं नाव त्या पोरीच्या हातात दोन मिनिटांत आलं.

‘पप्पा,’ ती हळूच म्हणाली, ‘हे गाणं इथे संपत नाही.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे तुमची कॅसेट संपली.’

तिने पूर्ण गाणं लावलं. आमचा तो टोकाचा क्षण आला आणि गिटार आरामात पुढे निघून गेली. पुढे कितीतरी होतं. गाणारा परत आला, कोरस आला, आणि शेवटची ओळ धरून ते सगळे गोल गोल फिरत बसले आणि हळूहळू विरून गेले. हेम्या खो खो हसत सुटला. मला हसू येईना. तन्वी हसली नाही, तेवढी तिची माया. मी चपला घातल्या आणि जेट्टीवर जाऊन बसलो.

ओहोटी होती. चिखलात खेकडे फिरत होते. मी तिथे बसून विचार करत राहिलो, की मग मी इतकी वर्षं नव्या गाण्यांना मापत होतो ते कशाने? जे त्या गोऱ्या पोरांनी केलंच नव्हतं, त्याने. मामाची फीत पुरली नाही म्हणून जे घडलं, त्याला मी हिंमत म्हणत होतो. माझं क्लासिक अर्धं त्यांचं होतं, आणि अर्धं जाळ्यांच्या खोलीचं, आमच्या विशीचं, त्या चैत्रातल्या गरम वाऱ्याचं. ह्या सगळ्याशी बरोबरी करायला कुठलं नवं गाणं येणार? आणलं तरी त्यासाठी विसावं वर्ष कुठून आणणार मी? चिडलो होतो, पण बसल्या बसल्या थोडं हलकंही वाटायला लागलं होतं. काय भांडण होतं तेच गळून पडलं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. तन्वीचा बँड आहे. ती गाते आणि गिटार वाजवते, अजून दोन पोरं आहेत. ड्रमर करंजाड्याला राहतो, त्याच्या फ्लॅटमध्ये गाद्या भिंतीला लावून हे लोक प्रॅक्टिस करतात. यंदा त्यांनी जत्रेच्या स्टेजवर वेळ मागितला. कमिटीने दिला. हे मला कळलं कमिटीकडून. आणि पाठीला कोण, तर हेमंत. माझ्या पोरीच्या पाठीला हेम्या!

वाईट वाटलं. जेवण गेलं नाही त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी तडक हेम्याच्या साइटवर गेलो. ‘काय रे, बाप मेलाय का तिचा?’

हेम्याने खुर्ची पुढे केली. ‘बस आधी. ती आली, काका उभे राहाल का म्हणाली. मी म्हटलं, पप्पा? तर म्हणाली, ते उभे राहतील, पण तोंड पाडून. आता मला सांग दिन्या, पोरगी गाणार, आणि बाजूला बघितलं की तुझं ते एरंडेल प्यायलेलं तोंड दिसणार. कशी गाईल?’

‘माझं तोंड तसलंच आहे.’

‘तू तिचं गाणं ऐकलंयस का एकदा तरी? पूर्ण?’

रविवारी तन्वीला म्हटलं, ‘चल, करंजाड्याला सोडतो. बस नको.’ तिने संशयाने पाहिलं, पण बसली गाडीत. तिथे पोचल्यावर मीही वर गेलो. ड्रमरच्या आईने चहा दिला, मी कोपऱ्यात स्टूलवर बसलो. पोरं आधी बावचळली. मग तन्वीने डोळे मिटले आणि सुरू केलं.

आता हे सांगायला हवं, की माझी आई, म्हणजे तन्वीची आजी, आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर राहते. तिच्या खिडकीतून खाडी दिसत नाही, समोरची बिल्डिंग दिसते. पण रोज, न चुकता, पाणी चढायला लागलं की ती आतून हाक देते, ‘भरती लागली गो!’ कुणाला सांगते, कशासाठी सांगते, ठाऊक नाही. घरातून होडीवर जाणारं आता कुणी नाही. आम्ही म्हणतो, ‘हो आई,’ आणि टीव्ही बघतो.

तन्वीने त्याचं गाणं केलं होतं. आमच्याच बोलीत. ‘भरती आयली गो आये, तू कोनाची वाट बगतंस.’ आणि खाली गिटार, तोच कापणारा, कर्कश, माझ्या ओळखीचा आवाज, पण असा धरलेला की आजीच्या हाकेला कुठे धक्का लागत नव्हता. अंगावर काटा आला माझ्या. आमच्या हातात गिटार होती तेव्हाही आई होती, खाडी होती, आणि होड्या तर रांगेने होत्या. त्यातलं काही गाण्यात येऊ शकतं, हे आमच्या टाळक्यात आलंच नाही. आम्हाला वाटायचं रॉक म्हणजे लांबून कुठूनतरी जहाजाने येणारी वस्तू.

संपल्यावर दोन्ही पोरं माझ्याकडे बघत होती. तन्वी मात्र गिटारच्या वायरची पिन बघत होती.

‘मधल्या भागात ड्रम फार मोठे होतात,’ मी म्हटलं. ‘शब्द बुडतात.’

तिने मान वर केली. ‘अजून?’

‘अजून काही नाही. पाठीला मी उभा राहतो.’

‘हेमंतकाकांना सांगून झालंय पप्पा.’

‘ते मी बघतो.’

‘बघू,’ ती म्हणाली. परत येताना गाडीत ती कानाला हेडफोन लावून बसली, आणि पनवेलचं ट्रॅफिक मला त्या दिवशी जास्तच लांब वाटलं.

जत्रेच्या संध्याकाळी पालखी जाऊन आल्यावर स्टेज सुरू झालं. पाळण्यांचा कर्र कर्र आवाज, भज्यांचा घाणा, आगरी आणि कोळी दोन्ही आळ्यांच्या बाया नवीन साड्यांत. पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर आई. तिला तन्वीनेच आणून बसवलं होतं. कमिटीच्या माणसाने बँडचं नाव कसंबसं वाचलं आणि विचारलं, ‘पाठीला कोन?’

मी हेम्याकडे पाहिलं. हेम्या भेळ खात होता, आणि असा मन लावून खात होता की जगात दुसरं काही नाहीच. मग मी तन्वीकडे पाहिलं. ती स्टेजवर उभी, गिटार गळ्यात, चेहरा घट्ट. आमची नजर भेटली. तिने मान हलवली, अगदी थोडी. मी धावलोच. ह्या वजनाने त्या फळ्यांवर चढताना दोघांनी हात दिला. माईक हातात घेतला. सगळ्यांसमोर म्हटलं, ‘चुकली तर मना बोला.’

सुरुवातीलाच माईक किंचाळला. मागची बेंजो पार्टीची पोरं ओरडायला लागली, ‘हळदीचा लावा! नाचाचा लावा!’ मी त्यांच्याकडे डोळे वटारून उभा. कुणीतरी म्हणालं, ‘आता पोरीने पन लाईट घालवली तर?’ हशा पिकला. तन्वी थांबली नाही. पहिली ओळ आली आणि आवाज थोडा कमी झाला. दुसऱ्या वेळी ओळ आली तेव्हा बायकांच्या रांगेतून एक म्हातारी सुरात म्हणाली, ‘भरती आयली गो...’ मग अजून दोघी. मग मला मोजता येईना. ड्रमरने मधल्या भागात हात आवरला होता, शब्द न् शब्द वर येत होता. आई टाळ्या वाजवत नव्हती. पदर तोंडाला लावून नातीकडे बघत बसली होती. गाणं संपलं तेव्हा तिने कमिटीच्या माणसाला हाताने बोलावलं आणि म्हणाली, ‘तिला सांग, परत म्हन. मना नीट बगूं दे.’ आणि ऑर्केस्ट्रावाल्यांना ताटकळत ठेवून आमच्या गावाने ते गाणं परत ऐकलं.

खाली उतरल्यावर तन्वी घामाने थबथबलेली. लोक तिला हात लावत होते, लांबच्या मावश्या मुके घेत होत्या. त्यातून वाट काढत ती माझ्यासमोर आली.

‘खरं सांगा हां. बाप म्हणून नको. तुमच्या त्या गाण्यांच्या जवळपास तरी पोचलो का?’

मला खूप काही म्हणायचं होतं. पोरगी इतकी वर्षं माझं प्रवचन ऐकून शेवटी मलाच विचारत होती, आणि माझ्या एका शब्दावर तिचा सगळा जीव टांगलेला दिसत होता. मी म्हटलं, ‘ते गाणं ऐकून मी आयुष्यात पहिल्यांदा गिटार हातात घेतली होती.’

‘ते माहितीये. मग?’

‘मग काय, उद्या मला हे वाजवायचंय. शिकवशील?’

ती बघतच राहिली. मग रडायला लागली, भर जत्रेत, आणि मीही.

आता रोज संध्याकाळी आमची शिकवणी असते. माझी बोटं जाड झालीयेत, तारेवर बसत नाहीत, कालपासून दोन बोटांना फोड आलेत. पहिला कॉर्ड जमतो, दुसऱ्याला हात अडखळतो. काल तिसऱ्यांदा चुकलो तेव्हा तन्वीने कपाळावर हात मारून घेतला. ‘पप्पा, काय हे! एवढं सोपं आहे. परत घ्या.’ माझ्या पोरीचं गाणं, आणि मला ते वाजवता येईना. इतका खूश मी कित्येक वर्षांत झालो नव्हतो.